सात शतांश

बेकरीवाले रुमालात काहीतरी गुंडाळून दारात उभे राहिले, तेव्हा बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक अजून कापायचा होता आणि सुरी सापडत नव्हती. तीन पिढ्या लोखंड कापणाऱ्या घरात केक कापायला सुरी नसावी, यावर धाकट्यानं, म्हणजे प्राध्यापकांनी, नुकताच एक विनोद केला होता आणि त्यावर ते एकटेच हसले होते.

"माफ करा, जेवणाच्या वेळी आलो," बेकरीवाले म्हणाले आणि त्यांनी केकच्या शेजारीच रुमाल सोडला. आत पिवळट धातूची जाड, आखूड नळी होती. उभी चिरलेली. "पीठ मळायच्या मशीनचा बुश. दांडा यातच फिरतो. सकाळी कडाड्कन आवाज झाला आणि दांडा डुगडुगायला लागला. तसाच चालवला तर गिअरचे दात जातील. मग महिनाभर मशीन बंद."

बाबांचं वर्कशॉप सांभाळणाऱ्या लेकीनं, ताईनं, बुश डाव्या हातात घेतला, कारण तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. "कधीपर्यंत हवाय?"

"चारला पीठ मळायला घ्यायचंय. सकाळी दवाखान्यात नि वसतिगृहात मिळून दोनशे मोठे पाव जातात."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या थोरल्यानं घड्याळ पाहिलं. साडेबारा. आता सगळ्यांच्या नजरा ताईच्या प्लास्टरवरून उठणार आणि शोधत शोधत कुठं येऊन बसणार, हे त्याला कळलं. त्यानं घाईघाईनं मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही, हा त्याचा चोवीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव होता.

ती नोकरी लेथ मशिनं, म्हणजे धातू गोल फिरवत कापणारी यंत्रं, विकण्याची होती. पाचशेच्या वर मशिनं त्यानं विकली आणि एकही चालवलं नाही. कोणत्या मशीनचा वेग किती, अचूकता किती, हे तो झोपेतही सांगायचा. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे सांगायचाच. मग गेल्या वर्षी कंपनीनं अख्खा विभागच बंद केला. सहा महिने अर्ज करून झाल्यावर, पन्नासाव्या वर्षी, एका सोमवारी तो घरामागच्या वर्कशॉपमध्ये जाऊन धाकट्या बहिणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला शिकव."

ती एवढंच म्हणाली होती, "घरात तू दादा. इथं तू शिकाऊ. मी ताई. आणि इथं मला तुम्ही म्हणायचं."

पहिले सहा आठवडे त्यानं लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासला. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात व्हायला हव्या होत्या. सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्या झाल्या, पण तोवर ठोकळ्याचं पेपरवेट झालं होतं. बायकोला वाटलं, नवऱ्यानं आणलेली ही नोकरी गेल्यापासूनची पहिली भेटवस्तू. तिनं तो कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

आणि या सगळ्याच्या मागं एक जुना दिवस होता. तो सोळा वर्षांचा असताना बाबांनी त्याला पहिल्यांदा लेथवर उभं केलं होतं. त्यानं केलेला तुकडा मापात बसला नाही. सगळ्या कारागिरांसमोर बाबा ओरडले होते, "तुझ्या हातांत बोटं नाहीत, दगड आहेत दगड! जा, पुस्तकं वाच." तो गेला, आणि पुस्तकं वाचून विक्रेता झाला.

"थोरल्या," बाबा म्हणाले, "घास गिळ आधी. गुदमरशील."

*

ताईनं दोन्ही कारागिरांना फोन लावून पाहिले. एक परगावी लग्नाला गेला होता आणि दुसऱ्याचा फोन बंद होता. रविवार म्हटल्यावर धातूचं दुकानही बंद. वर्कशॉपच्या कपाटात गनमेटलचा, म्हणजे बुशाच्याच पिवळट धातूचा, बरोबर एक तुकडा शिल्लक होता, तो पुरला असता. फक्त हात नव्हता.

त्या हाताची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. अठ्ठावीस वर्षं मशिनांनी तिचं नखसुद्धा उचकटलं नव्हतं, आणि मागच्या मंगळवारी साखरेचा डबा काढायला ती स्टुलावर चढली आणि मनगट मोडून घेतलं. वर्कशॉपच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी तिनंच लावली होती. स्वयंपाकघरात लावायची राहिली.

"मी करतो," प्राध्यापक म्हणाले. ते इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवत. "बुश म्हणजे काय, बाहेरचा व्यास, आतला व्यास."

"तू मशीनला शेवटचा हात कधी लावलास?" बाबांनी विचारलं. काचबिंदूमुळे त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळायचा, पण कोण कुठून बोलतंय हे बरोबर कळायचं.

"दर सत्रात प्रात्यक्षिक असतं, बाबा."

"ते कोण करतं?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "प्रयोगशाळेतला सहायक करतो. मी शेजारी उभा राहून समजावतो."

"मग आज शेजारी उभा राहा."

"म्हणजे करणार कोण?" वहिनीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यासारखी नवऱ्याकडं वळली. "अहो, नको. आज घरात चार माणसं जमलीत. काही बिघडलं तर जन्मभर ऐकवतील."

"वहिनी बरोबर बोलतायत," प्राध्यापक लगेच म्हणाले. एरवी या दोघांचं पंख्याच्या वेगावरूनही जमत नसे. "पाच महिन्यांत माणूस फार तर चहा करायला शिकतो."

"चहा तो वाईट करतो," ताई म्हणाली.

थोरला तोच घास अजून चावत होता.

ताईला आत कुठंतरी टोचलं. पाच महिन्यांत तिनं त्याला शिकवलं कमी आणि झापलं जास्त. लहानपणी त्यानं तिला पतंगाला हात लावू दिला नव्हता, त्याचा हिशेब ती सेहेचाळिसाव्या वर्षी चुकता करत होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. शेवटचा नाजूक काप तर तिनं त्याला एकदाही घेऊ दिला नव्हता. तेवढं काम नेहमी ती स्वतःकडं ठेवायची. तिच्याशिवाय वर्कशॉपचं पान हलू नये, अशी सोय तिनं करून ठेवली होती, आणि आता खरंच ते हलत नव्हतं.

"शिकाऊ," ती म्हणाली. जेवणाच्या टेबलावर तिनं हा शब्द आजवर कधी वापरला नव्हता. "जेवण आटप. ॲप्रन घाल."

*

पहिला दीड तास बरा गेला. थोरल्यानं तुकडा लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरला, सरळ फिरतोय का ते पाहिलं, बाहेरचा भाग कापून मापात आणला. ताई मागं उभी होती. "कोपर खाली... घाई नको... आवाज ऐक, आवाज. किंचाळतंय ते, वेग कमी कर." पिवळा भुगा त्याच्या मनगटावर, कॉलरमध्ये, भुवयांत जाऊन बसला. दारात उभं राहून प्राध्यापक अधूनमधून एखादं सूत्र सांगत होते. कोणीच ऐकत नव्हतं, त्यामुळे नुकसान होत नव्हतं.

मग भोक. बेकरीच्या मशीनचा दांडा बरोबर साठ मिलिमीटरचा होता. भोक त्याहून सात शतांश मिलिमीटर मोठं हवं, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढं, तेल शिरायला. त्याहून कमी झालं तर दांडा आवळणार आणि जास्त झालं तर डुगडुगणार. अडीच वाजता थोरल्यानं भोक मोजलं. बरोबर साठ.

"आता शेवटचा काप," ताई म्हणाली.

तेवढ्यात घरातून वहिनीची हाक आली. सुरी सापडली होती, आणि बाबा केकसमोर फुंकर मारायच्या तयारीत दहा मिनिटं बसून होते.

"मी आलेच," ताई म्हणाली. "मी येईपर्यंत हात लावू नकोस." प्राध्यापक केकचं नाव ऐकून आधीच पसार झाले होते.

थोरल्यानं चार मिनिटं वाट पाहिली. ती त्यानं नंतर सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितली, कारण त्या दुपारी अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. पाचव्या मिनिटाला त्याच्या मनात आलं, सात शतांश. एक केस. एवढंच तर राहिलंय. ताई परत येते, तर बुश तयार. ती काही बोलत नाही, पण तिचं तोंड बघण्यासारखं होतं. आपण सहज हात पुसतो.

त्यानं चाक फिरवून डायलवर मोजून सात रेघा पुढं घेतल्या आणि काप सुरू केला. आवाज छान आला. रेशीम फाडल्यासारखा. त्यानं मशीन बंद केलं, धातू निवू दिला, भोक पुसलं आणि मोजलं.

चौदा.

पुन्हा मोजलं. माप घ्यायचं साधन पुसून मोजलं. बुश फिरवून, साधन आडवं धरून, उभं धरून मोजलं. सगळीकडून चौदा. भोक सगळीकडं सारखं गोल होतं, एवढी एक गोष्ट वाखाणण्यासारखी होती.

मग त्याला कळलं, आणि तो स्टुलावर बसला. या जुन्या मशीनवर हत्यार एक रेघ सरकलं की भोक दोन रेघांनी वाढतं, कारण तुकडा गोल फिरतो आणि दोन्ही बाजूंनी कापला जातो. सात हवेत, तर साडेतीन द्यायचे. हे वाक्य माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर असायचं. चोवीस वर्षांत हजारभर गिऱ्हाइकांना त्यानं ते बोट ठेवून वाचून दाखवलं होतं. वर हसून म्हणायचा, "ही चूक फक्त अगदी नवशिके करतात, साहेब."

*

वहिनी केकची बशी घेऊन आली, तेव्हा तो मांडीवर बुश ठेवून बसला होता.

"बिघडवला," तो म्हणाला.

"किती?"

"एका केसानं."

"एका केसानं?" तिला हसू आवरेना. "अहो, एका केसाचं काय एवढं? द्या की तसाच. त्यांना काय कळणारंय?"

"चालेल का तसा?" त्यानं विचारलं. ती प्राध्यापकांना बोलवायला धावली. प्राध्यापक केक खात खात आले, पाकिटावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "तत्त्वतः चालेल. दोन-तीन महिने नक्की. मग डुगडुगायला लागेल, तेव्हा नवा करून देऊ. मधल्या काळात ताईचं प्लास्टर निघेल. कोणाचंच नुकसान नाही."

"बघा!" वहिनी म्हणाली. "भावजी विषय शिकवतात."

ताई केव्हा येऊन उभी राहिली, हे कोणाला कळलं नाही. तिनं डाव्या हातानं माप घेतलं. दोनदा. थोरला तिच्या ओरडण्याची वाट पाहत मान खाली घालून होता. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं.

"दोन-तीन महिन्यांनी डुगडुगेल, आणि कोणाचं लक्ष गेलं नाही तर गिअर जाईल," ती म्हणाली. "जाईलच असं नाही. पण जाईल. काम तुझंय. काय सांगायचं ते तू सांग."

वहिनी नवऱ्याकडं पाहत राहिली. त्याच्या नखांत काळं वंगण होतं आणि भुवया पिवळ्या झाल्या होत्या. पाच महिने ती मैत्रिणींना सांगत होती की हे एका कारखान्यात सल्लागार आहेत. कसला सल्ला, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, तांत्रिक. एकदा एक मैत्रीण अचानक घरी आली, तेव्हा तिनं या सल्लागाराला मागच्या दारानं आत घेऊन, हातावर लिंबू चोळायला लावलं होतं. आणि आता ती त्याला सांगत होती, द्या की तसाच. बाई गं, तिच्या मनात आलं, तुझं खोट्याचं दुकान कधी बंदच नसतं.

थोरला उठला. बुश घेऊन घरात गेला. बेकरीवाले बाबांच्या शेजारी बसून केकचा दुसरा तुकडा खात होते. वहिनी त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली. चोवीस वर्षांत गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना तिनं त्याला लाखदा ऐकलं होतं. 'साहेब, तुमच्याकडं विजेचा दाब कमी-जास्त होतोय.' 'साहेब, पुढच्या आठवड्यात इंजिनिअर पाठवतो.' चूक आमची आहे, हे वाक्य मात्र कधीच ऐकलं नव्हतं.

"बुश बिघडला," तो म्हणाला. "म्हणजे, मी बिघडवला. ताईनं थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही. दिसायला ठीक दिसतोय, पण बसवू नका. गिअर जाईल. दुसरा धातू उद्या सकाळीच मिळेल."

बेकरीवाल्यांनी बशी खाली ठेवली. ते भले गृहस्थ होते, पण संत नव्हते. "उद्या? आणि आजचे दोनशे पाव? ते काय तुमच्या तोंडाच्या वाफेवर फुगवू? ताईंच्या भरवशावर आलो मी! हे शिकाऊ आहेत, हे आधी नाही सांगायचं?"

"यांना बघून वाटलं नाही का?" प्राध्यापक पुटपुटले.

"पूर्वी हातानंच मळायचे ना पीठ?" बाबा म्हणाले.

"पूर्वी माणसं होती! साठ किलो पीठ आहे, आजोबा. माझ्याकडं आज दोन माणसं."

"आमच्याकडं तीन आहेत," वहिनी म्हणाली. आपला आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. "मी, हे, आणि भावजी. शिवाय ताईंचा एक हात."

"मी?" प्राध्यापक म्हणाले.

"तत्त्वतः," वहिनी म्हणाली.

*

बाबांना बेकरीत पिठाच्या पोत्यावर बसवलं होतं. दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. लाकडी टेबलावर पिठाचे गोळे आपटण्याचा धप् धप् आवाज, प्राध्यापकांचं धापा टाकणं, आणि बेकरीवाल्यांचा हळूहळू निवत चाललेला राग.

"प्राध्यापक, कुरवाळू नका त्याला, मळा. मनगटानं नाही, खांद्यानं."

"मला वाटतं ग्लूटेनची साखळी..."

"साखळी नंतर. आधी खांदा."

थोरल्याचा धप् वेगळा होता. सारख्या अंतरानं येत होता, न थांबता. बाबा बराच वेळ तोच ऐकत राहिले. दुपारी सगळे धातूच्या एका केसावरून बोलत होते, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं. ऐंशी वर्षांच्या माणसानं वाढदिवसाच्या दिवशी स्वतःचीच लक्तरं टेबलावर मांडू नयेत, असं त्यांना वाटलं होतं. पण आता टेबलावर पीठ होतं, आणि समोरचं कोणाचं तोंड दिसत नसल्यामुळे धीरही होता. आंधळेपणाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

"थोरल्या," ते म्हणाले. "तू सोळा वर्षांचा असताना एक तुकडा केला होतास. आठवतो?"

धप् थांबला. "आठवतो."

"तो बरोबर होता."

बाबा पुढं सांगत राहिले.

"मी तुला माप चुकीचं सांगितलं होतं. तुकड्याच्या नकाशावरची दुसरीच ओळ वाचली. तू केलास तो मी सांगितल्याप्रमाणे अगदी बरोबर होता."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी," थोरला म्हणाला. "मग?"

"मग काय. चार माणसांसमोर ओरडलो होतो. म्हटलं, आठवडाभरानं सांगू. तोवर तू पुस्तकं घेऊन बसला होतास. म्हटलं, बरंच झालं, शिकेल. मग तू परीक्षा पास झालास, मग नोकरी, मग लग्न. सांगायला सोयीचा दिवसच मिळेना." बाबांनी पोत्यावरचं पीठ उगाचच झटकलं. "कारागीर म्हणून मला लोक मानतात. बाप म्हणून मी भंगारच. पण वर्कशॉपमध्ये भंगार निघालं की त्यावर खूण करून बाजूला ठेवावं लागतं, ते मी केलं नाही. तू आज केलंस."

कोणी हसेल, असं बाबांना वाटलं होतं. हे सगळं त्यांनी थोडं हसण्यावारी जावं म्हणूनच असं सांगितलं होतं. कोणी हसलं नाही. पावलं वाजली, नळ सुरू झाला, हात धुतल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि बंद झालं.

"गेला का?" बाबांनी विचारलं.

"बाहेर पायरीवर बसलाय," ताई म्हणाली. "बसू द्या."

"चिडलाय?"

"चौतीस वर्षं, बाबा."

ज्या चुकीला चौतीस वर्षं झाली, तिला दहा मिनिटांत माफी मिळावी अशी आपली अपेक्षा होती, हे लक्षात येऊन बाबांना स्वतःचीच कमाल वाटली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. पावलं टेबलापाशी आली. वहिनी हळूच काहीतरी म्हणाली, त्यावर थोरला "नंतर" एवढंच म्हणाला. मग पुन्हा धप् सुरू झाला, आधीपेक्षा बराच जोरात.

"एवढा जोर नको," बेकरीवाले म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "असू द्या. लावा जोर."

साडेसातला शेवटचा गोळा साच्यात गेला. परत जाताना बाबांनी हात पुढं केला, तो वहिनीनं धरला.

*

सोमवारी सकाळी आठला, काल फोन बंद असलेला जुना कारागीर कामावर आला, तेव्हा ताईला हायसं वाटलं. धातू आला होता. हा माणूस असला बुश गप्पा मारता मारता करायचा.

"त्यालाच द्या," थोरलाही म्हणाला. तो कोपऱ्यात मशीन पुसत होता. "आता आणखी उशीर नको, ताई."

ती हो म्हणणार, एवढ्यात बेकरीवाले आले. त्यांच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. दोनशे पाव वेळेवर गेले होते. एका वॉर्डातून निरोप आला होता की आजचा पाव जरा कडक आहे. ते प्राध्यापकांचे, असा त्यांचा अंदाज होता.

"यांनीच करायचा," ते थोरल्याकडं बोट दाखवून म्हणाले.

"काका, हा कारागीर वीस वर्षांचा अनुभवी..."

"असेल. पण यांची एक चूक करून झालीय, ती परत करणार नाहीत. अनुभवी माणसाची कोणती शिल्लक आहे, ते मला माहीत नाही." मग ते जरा नरमले. "आणि बिघडलं तर हे मला सांगतील. तेवढं मला पुरे."

थोरल्यानं बेकरीत जाऊन दांडा स्वतः मोजून आणला, आणि साडेनऊला भोक साठवर आलं. थोरला थांबला. "ताई, शेवटचा काप. या."

ती मागं येऊन उभी राहिली. कालपासून तिनं ठरवलं होतं की या वेळी तोंड उघडायचं नाही. ते मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त दुखत होतं.

"सात हवेत," तो मोठ्यानं म्हणाला, "म्हणून साडेतीन."

डायलकडं बघण्यासाठी तिची मान आपोआप वळत होती. तिनं ती खिडकीकडं वळवली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, शेजारच्यांची टाकी होती. ती टाकी बघत राहिली. काप सुरू झाला, संपला. त्यानं धातू निवू दिला, भोक पुसलं, मोजलं, आणि साधन तिच्याकडं न देता आकडा सांगितला.

"सात."

तिनं मोजून पाहिलं नाही. म्हणजे तेव्हा नाही. तो हात धुवायला गेल्यावर गुपचूप मोजलं. सात होते. कारागिरानं ते पाहिलं आणि शहाण्यासारखं दुसरीकडं तोंड केलं.

अकराला बुश घेऊन निघताना थोरला घराच्या दाराशी थांबला. काल रात्रीपासून तो बाबांशी एक शब्द बोलला नव्हता. "बाबा, चपला घाला," तो म्हणाला. "बेकरीत जायचंय." त्यानं बाबांचा हात धरला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. ताई चार पावलं मागं राहिली.

बुश बसवला, दांडा सरकवला, बेकरीवाल्यांनी पीठ-पाणी घालून बटण दाबलं. मोठी परात फिरायला लागली. सगळे कान देऊन उभे राहिले. ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त पीठ उलटंपालटं होण्याचा ओला आवाज.

बाबांनी चाचपडत हात पुढं केला. थोरल्यानं तो धरून मशीनच्या पत्र्यावर, दांड्याच्या बरोबर वर, टेकवला.

"माप कोणी सांगितलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही," थोरला म्हणाला. "दांडा मोजून मीच काढलं."

"मग बरोबर असणार," बाबा म्हणाले, आणि पीठ मळून होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.